सुपाची साक्ष

मी सूप बोलतोय. धान्य पाखडायचं नव्हे, बिड्या वळायचं. सोलापुरात असली सुपं गल्लीगल्लीत सापडतील. बायका ती मांडीवर घेतात, एका कोपऱ्यात तंबाखू, दुसऱ्या कोपऱ्यात कातरलेली पानं, मध्ये दोऱ्याचं रीळ. आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोटं चालू. मी त्यांतलाच एक. फरक इतकाच की ज्या मांडीवर मी होतो, ती बाई पुढं मंत्री झाली.

मंद्रूपच्या आठवडी बाजारात एका बुरडानं मला विणलं. एका बाईनं मला उन्हाकडं धरून बघितलं, कुठं फट दिसते का. मग बुरडाशी बरीच घासाघीस करून मला लेकीच्या हातात दिलं. लेकीचं नाव वच्छला. नुकतंच लग्न झालेलं, सोलापूरला नांदायला निघालेली. सोलापूरला आल्यावर तिनं मेथ्या भिजवून वाटल्या, त्यात वर्तमानपत्राचा लगदा कालवला आणि मला आतून-बाहेरून सारवलं. दोन दिवस उन्हात वाळलो तेव्हा कुठं कामाला लागलो.

तिचा नवरा कुंडलिक सलगर यंत्रमागावर होता. एका पगारात भागत नव्हतं, म्हणून शेजारच्या गुलबानोनं वच्छलाला बिडी शिकवली. गुलबानो म्हणजे टेम्पो चालवणाऱ्या इमामसाबची बायको. फर्म्यावर पान ठेवून कसं कातरायचं, चिमटीत तंबाखू किती घ्यायचा, तोंड कसं मुडपायचं, सगळं तिनं दाखवलं. पहिल्या महिन्यात कारखान्यातल्या चेकरनं वच्छलाच्या निम्म्या बिड्या मोडून फेकल्या. घरी येऊन ती रडली. गुलबानो म्हणाली, "रोती काय को? मेल्याची बोटं झडू देत. आन हिकडं सूप, परत दाखवते."

दोघी एकाच ओट्यावर समोरासमोर बसायच्या. वच्छलाला मूल झालं नाही. गुलबानोला तीन झाली. धाकटी आरजू रांगायला लागली तेव्हा तंबाखूला हात लावायची, म्हणून तिच्या पायाला बिडीचा दोरा बांधून दुसरं टोक वच्छलाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेलं असायचं. पोरगी लांब गेली की अंगठा ओढला जायचा. वच्छला न बघताच म्हणायची, "ये माघारी."

कुंडलिकला राजकारणाचं वेड. शरणप्पाअण्णांचा तो माणूस. अण्णा म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ: सूत रंगवायचं डाईंग, चार संस्थांवर माणसं, पक्षात शब्दाला वजन. कुंडलिकनं तीन निवडणुका त्यांची पोस्टरं चिकटवली होती आणि आता त्याला स्वतःला नगरसेवक व्हायचं होतं. वॉर्डाचं आरक्षण निघालं, तर ते महिलेचं. अण्णा घरी आले तेव्हा कुंडलिकचा चेहरा पाहवत नव्हता.

"अण्णा, आता मी काय करू?"

"तू काय करणार? बाई पायजे." अण्णांची नजर ओट्यावर गेली. वच्छला मला मांडीवरून उतरवून उठायला लागली, तशी ते घाईघाईनं म्हणाले, "बाई, उठू नगा. बसा, बसा. असंच ऱ्हावा. ए, फोटो काढ रे. सूप दिसलं पायजे."

तो फोटो वॉर्डातल्या भिंतीभिंतीवर लागला. 'कष्टकऱ्यांची लेक.' गुलबानोनं गल्लीतल्या बायका गोळा केल्या, घराघरांत नेल्या. इमामसाबच्या टेम्पोला भोंगा बांधला. वच्छला सहाशे मतांनी निवडून आली.

पहिलं वर्ष नगरसेवक कुंडलिकच होता म्हणा. कार्डावर त्याचं नाव मोठं, तिचं खाली बारीक. तो बोट ठेवील तिथं ती सही करायची आणि घरी येऊन मला मांडीवर घ्यायची. बिड्या तिनं सोडल्या नव्हत्या.

मग एका उन्हाळ्यात कुठल्याशा ठेकेदाराच्या खोदकामात मोठा पाइप फुटला. आधीच पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, ते आमच्या भागाला नऊ दिवस आलं नाही. बायका घागरी घेऊन वच्छलाच्या दारात. गुलबानो सगळ्यांपुढं. "वच्छे, तुला आमी कशाला धाडली? घरात बसायला?"

दुसऱ्या दिवशी महापालिकेची सर्वसाधारण सभा होती. वच्छला मला काखेत मारून थेट सभागृहात गेली, आणि मधल्या मोकळ्या जागेत फरशीवर बसली. मांडीवर मी. तंबाखू काढला, पानं काढली, बिड्या वळायला सुरुवात केली. आधी हशा झाला. कुणी म्हणालं, बाई, हे काय आरंभलंय?

"पाणी यीस्तोवर मी हितंच बसणार की. माझ्या घरी पाणी न्हाय, पान भिजवायला न्हाय. तुमच्या हितं नळाला पाणी हाय. हितंच भिजवते."

कुंडलिक दारातून खुणा करत होता. तिनं बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत तिनं बिड्यांचे एकोणीस कट्टे बांधले. फोटोवाले येऊन गेले. त्याच रात्री आमच्या भागात टँकर आले आणि दोन दिवसांत पाइप जोडला गेला. बायकांनी तिला उचलून घेतलं. माझ्यावर कुणीतरी गुलाल टाकला.

त्या दिवशी तिला तिचा आवाज सापडला आणि तो तिला फार आवडला. त्यात काही वाईट नव्हतं. मी तिच्या मांडीवर होतो, मला तिची मांडी थरथरताना कळत होती. ती नाटक करत नव्हती.

पण त्यानंतर मी बिड्यांचं सूप राहिलो नाही. मी 'सूपवाल्या ताईं'चं सूप झालो.

दुसऱ्या निवडणुकीत मला व्यासपीठावर नेलं. तिसऱ्या निवडणुकीत सिद्धेश्वर नावाचा स्वीय सहायक आला, त्यानं मला व्हार्निश मारलं. ताई स्थायी समितीच्या सभापती झाल्या, गल्ली सोडून बंगल्यात आल्या, तिथं दिवाणखान्यात मला खिळ्याला टांगलं. निवडणूक लागली की खाली काढायचं, मूठभर तंबाखू, चार पानं टाकायची, प्रचाराचे पंधरा दिवस झाले की झटकून परत खिळ्याला. मोकळ्या दिवसांत माझी त्या तंबाखूच्या वासाची सवय मोडत गेली. ताईंच्या बोटांचीही.

पुढं अण्णांना हृदयाचं दुखणं लागलं. ते स्वतः आमदारकीला उभे राहू शकत नव्हते आणि सख्ख्या पुतण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी ताईंना तिकीट मिळवून दिलं. ताई आमदार झाल्या. कुंडलिक आता 'भाऊसाहेब' झाला. पांढरे कपडे, दोन फोन. पूर्वी तो ताईंना बोट ठेवून सही करायला सांगायचा. आता अण्णा त्याला सांगायचे आणि तो ताईंना.

आमदारकीच्या शेवटच्या वर्षात गुलबानो एकदा बंगल्यावर आली. बरोबर आरजू. उंच झालेली, बारावी झालेली, केसांना लाल रिबीन.

"वच्छे," गुलबानो म्हणाली. लगेच जीभ चावली. "ताई. हिच्या हाती सूप द्यायचं न्हाय मला. तंबाखूनं माझी छाती गेली. हिला कुटंतरी लावून दे."

"ताई कुणाला म्हंतेस गं?" वच्छला हसली. तिनं तिथल्या तिथं फोन लावला. मी वरून ऐकत होतो. "अण्णा, माझी भाची हाय समजा. आरजू शेख. डाईंगला कुटंबी लावा, सावलीतलं काम द्या... व्हय, उद्यापास्नंच येईल." मग आरजूच्या गालाला हात लावून म्हणाली, "जा. पगार झाला की मला पेढा आन."

पहिल्या पगाराला पेढे आले. आरजू स्वतः घेऊन आली होती.

त्यानंतर निवडणूक झाली, ताई पुन्हा निवडून आल्या. सरकार बसताना आमदारांची ओढाओढ चालली होती. अण्णांनी मुंबईला आठ दिवस ठाण मांडलं आणि ताईंचं नाव मंत्रिमंडळात आणलं. तेही कामगार खातं. बिडी कामगार बाई कामगारमंत्री. शपथेला मला मुंबईला नेलं होतं. समुद्राच्या वाऱ्यानं माझी एक बेळ, म्हणजे विणलेली बांबूची पट्टी, उसवली, ती सिद्धेश्वरनं डिंकानं चिकटवली. फोटोत ताईंच्या हातात मी आहे. त्या फोटोतलं त्यांचं हसू खरं आहे, हे मी सांगतो.

पाच महिन्यांनी डाईंगमध्ये उकळत्या रंगाच्या टाकीचं झाकण उडालं.

मला ते गुलबानोच्या तोंडून कळलं. शनिवारी ताई सोलापूरला असल्या की बंगल्यावर लोकांची रांग लागायची, सिद्धेश्वर चिठ्ठ्या वाटायचा. गुलबानो त्या रांगेत चिठ्ठी धरून दोन तास बसली होती. ताईंची नजर गेली तेव्हा त्या स्वतः उठून बाहेर गेल्या आणि तिला हाताला धरून आत आणलं. दार लावलं.

"काय झालं गं? खाल्लंस का काई?"

गुलबानो खाली फरशीवरच बसली. 

"आरजूचे हात गेले, वच्छे. दोन्ही. कोपरापस्नं खाली कातडंच न्हाय. बोटं एकाला एक चिकटलीत. सरकारी दवाखान्यात हाय. डाक्टर चांगले हायत, पण पुण्याला न्या म्हंतात, हितं तेवडी सोय न्हाय म्हंतात. मी डाईंगवर गेले. मुकादम म्हंतो, कोन आरजू? हजेरीत नावच न्हाय. तवा मी म्हनले, अकरा म्हैने कुटं जात हुती पोरगी? तर म्हंतो, आमाला काय ठाव."

वच्छलानं तिचा खांदा घट्ट धरला होता.

"तुझ्या खात्याचा सायेब आला हुता. त्यानं लिवून नेलं की तितं चौदा कामगार हुते, सगळे बाप्ये. वच्छे, तू एक शबुद बोल. 'मी लावली हुती' म्हन. बास. दुसरं काय मागत न्हाय मी. तू बोललीस तर कुनाची छाती हाय न्हाय म्हनायची?"

ताईंनी तिच्या खांद्यावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "मला दोन दिवस दे."

"दोन दिवस?"

"दोनच दिवस. तुझ्या गळ्याची आन."

गुलबानो डोळे पुसून गेली. तिला वाटलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. काठी टेकत, धापा टाकत. कुंडलिकनं त्यांना कोचावर बसवलं आणि स्वतः मागं उभा राहिला. अण्णांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ताई, पोरीचं वाईट झालं. मलाबी नातवंडं हायत. पन जरा इचार करा. ती पोरगी कामावर हुती म्हटलं, की बिनहजेरीची, बिनशिक्षनाची पोरगी उकळत्या टाकीपाशी उबी केली, हे आलं. डाईंगला कुलूप. मी आत. ठीक हाय, मी म्हातारा हाय. मग इचारनार, हिला लावली कुनी? फोन कुनाचा? कामगारमंत्र्यांचा." त्यांनी मान हलवली. "मी धमकी देत न्हाय तुमाला. मी तुमाला वाचवायलोय."

"पोरीचे हात गेलेत, अण्णा."

"तुमी बोलला तर परत येनार हायत का?"

ते गेल्यावर कुंडलिक म्हणाला, "अगं, तू खुर्चीवर ऱ्हायलीस तर आतून काईतरी करता यील तिचं. खुर्ची गेल्यावर काय करशील? परत ओट्यावर बसशील?"

'ओटा' म्हटल्यावर ताईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. ती भीती होती. लाज नव्हे, भीती. इतकी वर्षं ही बाई त्या ओट्यापासून लांब लांब पळत आली होती, आणि मला मात्र जिथं तिथं बरोबर नेत होती.

त्याच दुपारी एका इमारतीच्या कोनशिलेचा कार्यक्रम होता. नेहमीप्रमाणे मला नेलं होतं. ताईंच्या मागं सिद्धेश्वरच्या हातात मी. कार्यक्रम संपताना पत्रकारांनी घेरलं. एकानं विचारलं, "मॅडम, डाईंगच्या अपघातात एक मुलगी भाजल्याचं लोक सांगतात. ती तुमच्या ओळखीची आहे म्हणे?"

ताईंनी पदर सावरला.

"चौकशी सुरू आहे. सदर मुलीला मी व्यक्तिशः ओळखत नाही."

अगदी शुद्ध बोलल्या. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ही भाषा त्यांनी मुंबईत मोठ्या कष्टानं शिकली होती.

संध्याकाळी ते टीव्हीवर लागलं. गल्लीतही लागलं असणार. ताईंनी सिद्धेश्वरच्या हाती गुलबानोकडं पाकीट पाठवलं. ते तसंच परत आलं. सिद्धेश्वर म्हणाला, "मॅडम, त्यांनी पाकिटाला हातच लावला नाही. दार लावून घेतलं." ताई म्हणाल्या, "बरं." आणि जेवायला बसल्या. ताटातलं सगळं संपवलं आणि मग न्हाणीघरात जाऊन ओकल्या.

पुढचे सहा आठवडे त्या शनिवारीही सोलापूरला फारशा आल्या नाहीत. आल्या तर माझ्याकडं पाठ करून बसायच्या. बोलता बोलता त्यांचा उजवा हात आपोआप चाळा करायचा, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचं. बिडी वळताना घासतं तसं. लक्षात आलं की मूठ मिटायच्या.

एका रविवारी सकाळी त्यांचा जुना फोन वाजला. तो नंबर गल्लीतल्या मोजक्या लोकांकडं होता. ताईंनी उचलला, चष्मा नसल्यानं चुकून स्पीकरवर लागला.

"मावशी, मी आरजू."

ताई उभ्या होत्या, त्या खाली बसल्या.

"सिस्टरनं फोन धरलाय कानाला. अम्मा काल घरी गेलीय, तिला सांगू नका. मावशी, एक विचारायचं हुतं." पोरीचा आवाज सावकाश येत होता, औषधाच्या गुंगीतला. "हितं कागदावर लिवलंय, मी डाईंगमध्ये कामाला नव्हतेच. मग मी कुटं भाजले?"

ताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मावशी? हाय का तुमी?"

"हाय बाळा."

"तुमीच फोन केला हुता ना? का मलाच तसं वाटतंय? गुंगीत लई काई काई वाटतं. म्हनून विचारलं."

"मीच केला हुता," ताई म्हणाल्या. "तुला बरोबर आठवतंय. मीच."

"हां," आरजू म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं झालं. "मग ठीक हाय." आणि फोन बंद झाला.

ताईंनी तोंडावर पदर दाबून धरला. थोड्या वेळानं उठल्या, तोंड धुतलं, सिद्धेश्वरला बोलावलं. "चार वाजता पत्रकारांना बोलव. सगळ्यांना. आणि साध्या कागदावर माझा राजीनामा लिहून आण. एका ओळीचा."

"मॅडम..."

"भाऊसाहेबांना कळू देऊ नको."

मी लग्नापासून या बाईबरोबर होतो. सभागृहात फरशीवर बसली होती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती मला तीच वच्छला वाटली. तिनं खुर्चीवर चढून मला खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं, मांडीवर घेतलं आणि चार वाजायची वाट बघत बसली.

साडेतीन वाजता गुलबानो आली.

कुठून तरी तिला पत्रकारांचं कळलं होतं. ती धावतच आली होती, चपला नव्हत्या पायात. दारातच तिनं वच्छलाचे पाय धरले.

"गुलबानो, उठ. उठ गं. मी आज बोलनार हाय. सगळं सांगते. मंत्रिपद गेलं तर गेलं."

"नको." गुलबानोनं पाय सोडले नाहीत. "नको बोलू, वच्छे. तुझ्या पाया पडते."

वच्छलाला कळेना. "अगं, तूच म्हनत हुतीस की..."

"तवा म्हनत हुते. तू टीव्हीवर न्हाय म्हनलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी कुंडलिकभाऊ आले. अण्णांचा कागद घिऊन. पोरगी कामाला नव्हती, डबा द्यायला आली हुती, आन चुकून भाजली, असं लिवून द्या. पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात सगळं करतो, चार आपरेशनं, जेवढं लागंल तेवढं. पोरीच्या हातात किडं पडायची येळ आली हुती, वच्छे. मी काय करनार? दिला अंगठा."

ताईंनी मागं वळून पाहिलं. कुंडलिक आतल्या दारात उभा होता. तो खाली बघत होता.

"दोन आपरेशनं झाली," गुलबानो म्हणाली. "एका हाताची बोटं सुटी केलीत. दोन बाकी हायत. तू आज बोललीस तर उद्या तितं खाट खाली करायला सांगतील."

"मी करते ना दवाखाना. माझं सगळं घालीन..."

"तू?" गुलबानोनं वर बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं ते ऐकवेना. "मंत्रिपद गेल्यावर तुला कोन उबं करील दारात? आन माझा अंगठा हाय त्या कागदावर. खोटं लिवून दिलं म्हनून मलाच धरतील. पोरीपाशी कोन बसंल मग?"

"गुलबानो, तिनं मला इचारलं, मी कुटं भाजले म्हनून."

"मला रोज इचारती." गुलबानो उठली. डोळे कोरडे होते. "मी सांगते, डबा द्यायला गेली हुतीस. ती म्हंते, कुनाला? मी म्हंते, झोप." मग तिनं वच्छलाच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, तळहात, तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं. "बोलायची येळ हुती तवा बोलली न्हाईस. आता गप ऱ्हा. एवढं कर माझ्यासाठी."

बाहेर गाड्यांचे आवाज यायला लागले होते. चार वाजता ताई पत्रकारांपुढं गेल्या आणि बिडी कामगारांच्या मुलींसाठी शिलाई प्रशिक्षणाची योजना जाहीर केली. एका ओळीचा राजीनामा सिद्धेश्वरच्या खिशातच राहिला.

पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी प्रश्न विचारलाच. कुंडलिकनं दिवाणखान्यातला टीव्ही मोठा करून ठेवला होता. ताई उभ्या राहिल्या, हिरव्या काठाची साडी, हातात कागद. "अध्यक्ष महोदय, सदर मुलगी त्या आस्थापनेत कामगार नव्हती. ती डबा देण्यासाठी आली असता..." कागद वाचताना त्या एका ठिकाणी थांबल्या. मला वाटलं, आता. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला वाटलं असेल. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढं वाचलं. दोन मिनिटांत दुसरा प्रश्न पुकारला गेला. कुंडलिकनं टीव्ही बंद केला आणि अण्णांना फोन लावला.

त्या शनिवारी ताई आल्या. कुणाशी न बोलता खुर्ची ओढून घेतली आणि मला उतरवलं.

"हे माळ्यावर टाक," सिद्धेश्वरला म्हणाल्या.

"मॅडम, लोक विचारतील. तुमची ओळख आहे ती."

"टाक म्हंते ना."

तेव्हापासून मी माळ्यावर आहे. खाली प्रचाराच्या बॅनरांच्या गुंडाळ्या, वर पत्रा. उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की माझं जुनं सारवण कपच्या कपच्यांनी सुटतं. झुरळं बेळांतून ये-जा करतात. ताई मंत्री आहेत. काम चांगलं करतात म्हणतात. बिडी कामगारांसाठी दोन नियम त्यांनी भांडून आणले, खालून ऐकू येतं. कधी दुपारी बंगल्यात कुणी नसलं की त्या माळ्याच्या शिडीपाशी येऊन उभ्या राहतात. चढत नाहीत. मीही काही करू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, सुपाची साक्ष कोण धरतो? कुणीच नाही, मला माहीत आहे. तरी ऐकून ठेवा, एवढीच विनवणी आहे. आरजू इमामसाब शेख. बारावी पास. अकरा महिने रोज सकाळी आठला ती कामावर जात होती. ती डबा द्यायला गेली नव्हती. तिला तिथं कुणी लावलं तेही तुम्ही ऐकलंत. कधी ती पोरगी तुम्हाला भेटली आणि तिनं विचारलं, तर तिला सांगा की तुला बरोबर आठवतंय.

मात्र तेवढंच सांगा, आणि तिलाच सांगा. मी कारखान्याचं नाव घेतलेलं नाही, गल्लीचं घेतलेलं नाही. विचारू नका. परवा कुंडलिक फोनवर बोलताना ऐकलं, तिसरं ऑपरेशन झालं. एक अजून बाकी आहे.